पिक्सेल टंक आणि बोरूचे वळण

पिक्सेल टंक म्हणजे ज्यातील प्रत्येक अक्षर सारख्या मापाच्या चौकोनी घरांच्या जाळीवर, काही घरे भरून आणि काही रिकामी ठेवून घडवलेले असते, असा अक्षरसंच होय. त्याला बिटमॅप टंक किंवा साध्या मराठीत ठिपक्यांचा टंक असेही म्हणतात. संगणकाचा पडदा भरड होता त्या काळी ही पद्धत गरजेची होती. आज ती जुन्या काळाची आठवण म्हणून हौसेने निवडली जाते. या हौशी टंकांमध्ये युरोपातील मध्ययुगीन ‘ब्लॅकलेटर’ वळणाचे टंक हा एक ठळक पोटप्रकार आहे. रुंद टोकाच्या लेखणीने लिहिलेले ते वळण ठिपक्यांत चांगले उतरले. रुंद टोकाच्याच बोरूने लिहिलेले देवनागरीचे पोथीवळण मात्र ठिपक्यांत सहजासहजी उतरले नाही. याची कारणे दोन्ही लिप्यांच्या घडणीत आहेत. त्यांचे परिणामही केवळ सौंदर्यापुरते राहत नाहीत. ते मराठी शुद्धलेखनापर्यंत आणि पाटीवरच्या गावाच्या नावापर्यंत पोचतात.

संज्ञा

‘टंक’ हा शब्द संस्कृतात पाथरवटाची छिन्नी आणि नाणे या दोन्ही अर्थांनी येतो. ‘टांकसाळ’ हा शब्द त्यावरूनच आला. छापखान्यात शिशाचा ‘खिळा’ असे; अशा एका वळणाच्या सर्व खिळ्यांचा संच म्हणजे टंक. संगणकावर हाच शब्द ‘फॉन्ट’साठी रूढ झाला. पिक्सेल म्हणजे पडद्यावरील चित्राचा सर्वांत लहान घटक. या लेखात त्याला ठिपका म्हटले आहे. ‘वळण’ हा शब्द येथे अक्षराच्या घाटासाठी, म्हणजे शाळेत कित्ता गिरवताना तो ज्या अर्थाने वापरला जाई त्याच अर्थाने घेतला आहे.

ब्लॅकलेटरची घडण

ब्लॅकलेटर हे बाराव्या शतकापासून पश्चिम युरोपात प्रचलित झालेले, दाट व काळेभोर दिसणारे लॅटिन लिपीचे वळण आहे. त्याला गॉथिक असेही म्हणतात. पिसाच्या लेखणीचे टोक रुंद कापून ती साधारण ४५ अंशांत तिरपी धरली की उभी रेघ जाड येते, एका दिशेची तिरपी रेघ केसासारखी बारीक येते, आणि प्रत्येक उभ्या रेघेच्या माथ्याशी व पायाशी शंकरपाळ्यासारखा तिरपा चौकोन उमटतो. या वळणात गोलाई जवळजवळ नाही. जेथे वर्तुळ हवे तेथे लेखक रेघ मोडतो आणि कोन करून पुढे नेतो. जर्मनीत पुढे रूढ झालेल्या ‘फ्राक्टुर’ या उपप्रकाराचे नावच ‘मोडलेले’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. त्याआधीच्या मुख्य प्रकाराला ‘टेक्स्टुरा’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘विणलेले’. समान अंतरावरच्या उभ्या रेघांनी भरलेले पान विणलेल्या कापडासारखे दिसे, म्हणून हे नाव पडले. ठिपक्यांच्या जाळीशी या वळणाचे जे जमले, त्याची खूण या नावातच आहे असे म्हणता येईल.

योहान गुटेनबर्गने माइन्त्स येथे इ.स. १४५५च्या सुमारास छापलेले ४२ ओळींचे बायबल टेक्स्टुरा वळणातच आहे. हस्तलिखिताची हुबेहूब नक्कल साधावी म्हणून त्याने सुटी अक्षरे, जोडलेली अक्षरे आणि संक्षेपचिन्हे मिळून सुमारे २९० वेगवेगळे खिळे ओतले. लॅटिन लिपी २६ अक्षरांची असल्याने यंत्राला सोपी, असे सांगताना हा आकडा सहसा सांगितला जात नाही. जर्मनीत हे वळण १९४१ पर्यंत पुस्तकांत व वृत्तपत्रांत चालू होते. त्या वर्षी नाझी सरकारने ते बंद केले. आता ते मुख्यतः प्रमाणपत्रे आणि वृत्तपत्रांची शीर्षके यांत दिसते. ‘द न्यूयॉर्क टाइम्स’चे शीर्षक हे त्याचे परिचित उदाहरण.

या वळणाचा एक दोष प्रसिद्ध आहे. लॅटिनमधील आय, एन, एम आणि यू ही चारही अक्षरे सारख्याच आखूड उभ्या रेघांनी बनतात. ती शेजारी आली की कोणती रेघ कोणत्या अक्षराची हे कळेनासे होते. म्हणून आय या अक्षरावर प्रथम एक बारीक तिरकी खूण करण्याची पद्धत पडली. पुढे तिचा ठिपका झाला. म्हणजे ‘आय’वरचा ठिपका हा अलंकार म्हणून आलेला नाही, तो वाचणाऱ्याची अडचण दूर करण्यासाठी आला. देवनागरीतील अनुस्वाराविषयी पुढे जे सांगायचे आहे त्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

ठिपक्यांच्या जाळीत ब्लॅकलेटर

ठिपक्यांच्या जाळीला तीनच दिशा निर्दोष काढता येतात: आडवी, उभी आणि ४५ अंशांची तिरपी. याखेरीज कोणतीही तिरपी रेघ किंवा वक्र काढला की पायऱ्या दिसू लागतात. ब्लॅकलेटरला नेमक्या याच दिशा लागतात. उभ्या रेघेसाठी दोन ठिपक्यांची रुंदी, बारीक जोडासाठी एक ठिपका, आणि पायाशी एकेक ठिपका सरकवत केलेला शंकरपाळा, एवढ्यावर हे वळण ओळखता येते. गोलाई मुळातच मोडलेली असल्यामुळे जाळीने ती आणखी मोडली तरी काही बिघडत नाही. याउलट गोल वळणाचा रोमन टंक फार लहान जाळीत नेला तर त्याचा ‘ओ’ चौकोनी होऊन जातो.

याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘लंडन’ हा टंक. ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक २४ जानेवारी १९८४ रोजी बाजारात आला. त्याचा पडदा काळा-पांढरा होता, त्यावर ५१२ आडवे आणि ३४२ उभे ठिपके होते, आणि प्रत्येक इंचात ७२ ठिपके मावत. त्यासाठीचे बहुतेक टंक सुझन केअर या कलावतीने ठिपका-ठिपका भरून तयार केले. त्यांना फिलाडेल्फिया परिसरातील रेल्वे स्थानकांची नावे देण्याचा मूळ विचार होता. स्टीव्ह जॉब्सच्या आग्रहामुळे जगातील मोठ्या शहरांची नावे दिली गेली. शिकागो, जिनिव्हा, न्यूयॉर्क, मोनॅको यांच्या सोबतीला असलेला ‘लंडन’ हा ब्लॅकलेटर वळणाचा होता आणि तो १८ पॉइंट या एकाच मापात दिलेला होता. मजकुरासाठी त्याचा उपयोग थोडा, निमंत्रणपत्रिका व मथळे यांसाठी अधिक. केअर यांना संगणकाचा पूर्वानुभव नव्हता. मोझाइक आणि भरतकाम यांचा होता, आणि ठिपक्यांचे काम त्याच जातीचे आहे असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

मराठी वाचकाला हे पटायला वेळ लागणार नाही. दसुतीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने विणलेली ‘सुस्वागतम्’ची चौकट अनेक घरांच्या बैठकीत असे. त्या कापडाची वीण म्हणजे तयार जाळीच. एक फुली म्हणजे एक ठिपका. ती अक्षरे काढणाऱ्या बायकांनी चौकटींच्या कागदावर आधी घरे मोजली, शिरोरेखेसाठी एक ओळ सोडली, उकारासाठी खाली जागा ठेवली. संगणक येण्यापूर्वी देवनागरीचे पिक्सेल टंक घरोघर तयार होत होते, फक्त त्यांना ते नाव नव्हते. अलीकडच्या ‘जॅकार्ड’ नावाच्या मुक्त ब्लॅकलेटर टंकमालिकेतही ठिपक्यांची जाळी आणि कापडाची वीण यांचे हेच नाते जागे केले आहे. तिचे नाव नक्षीदार विणकामाच्या मागावरून प्रसिद्ध झालेल्या नावाशी जुळते आणि १२, २४ असे आकडे त्या नावांतच जोडलेले आहेत.

बोरूचे वळण

देवनागरीचे पारंपरिक वळण बोरूने घडवले. बोरू म्हणजे त्याच नावाच्या गवताच्या किंवा वेताच्या कांडीची, टोक तिरपे कापलेली लेखणी. तिचे टोकही रुंद असते. मात्र लॅटिन लेखणीच्या तुलनेत तिच्या कापाचा तिरपेपणा उलट दिशेचा असतो. त्यामुळे लॅटिनमध्ये वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी रेघ जाड होते, तर देवनागरीत खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारी रेघ जाड होते. दोन्ही लिप्या एकाच मजकुरात शेजारी ठेवल्या तर जाडी-बारकाईचा कल परस्परविरुद्ध दिसतो तो यामुळे. लॅटिनची जाडी देवनागरीवर जशीच्या तशी लादलेले टंक मराठी डोळ्याला परके वाटतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

पश्चिम भारतातील जैन पोथ्यांमध्ये बोरूच्या या वळणाचे फार भारदस्त रूप आढळते. अक्षरे रुंद, ठसठशीत, ओळ घट्ट. ब्लॅकलेटरला देवनागरीत जवळचे काय, असे विचारले तर या पोथ्यांकडे बोट दाखवावे लागेल. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने इ.स. १५०३च्या कल्पसूत्राच्या पोथीवरून ‘जैनी’ हा मुक्त टंक तयार केला आहे. तो ठिपक्यांचा नसून बाह्यरेषांचा टंक आहे. पण पोथीवळण संगणकावर कसे दिसू शकते हे पाहण्यासाठी तो उपयोगी आहे. मराठीची दुसरी लिपी मोडी हीदेखील बोरूचीच. तिच्यात हात न उचलता लिहिण्यावर भर असल्यामुळे रेघा वाहत्या आणि गोल आहेत, म्हणजे जाळीला सर्वांत प्रतिकूल. मात्र तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, तेवढी चिन्हे कमी. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत स्थान मिळाले.

छापखान्यानेही बोरूचे वळण सोडले नाही. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे देवनागरी खिळ्यांत छापले गेले आणि त्याचा मराठी कोश १८१० मध्ये मोडी खिळ्यांत. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी देवनागरीला जे रूप दिले, ते पुढे अनेक दशके आदर्श मानले गेले. त्यात बोरूची जाड-बारीक लय शाबूत आहे. त्याची किंमत जुळाऱ्याला मोजावी लागे. जोडाक्षरे, मात्रा, रफार यांसह मराठी मजकूर जुळवायला काही शे वेगवेगळे खिळे लागत. यंत्राला सोयीची व्हावी म्हणून लिपीच बदलावी अशा सूचना त्यातून निघाल्या. सर्व स्वर ‘अ’वरच लिहिण्याची ‘अ’ची बाराखडी ही त्यांतील गाजलेली सूचना, सावरकरांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. या सगळ्या इतिहासाचा व खिळ्यांच्या रचनेचा सविस्तर अभ्यास बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देवनागरी मुद्राक्षरविषयक इंग्रजी ग्रंथात केला आहे.

सोळा ओळींचा हिशेब

ठिपक्यांच्या जाळीत देवनागरीची खरी अडचण उंचीची आहे. लॅटिन अक्षर एकाच मजल्यावर उभे असते. त्याचे काही भाग थोडे वर किंवा खाली जातात. देवनागरीला तीन मजले लागतात: शिरोरेखेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, मध्ये मूळ अक्षर, खाली उकार, ऋकार, हलन्त आणि उभ्या जोडाक्षराचा खालचा भाग.

संगणकाच्या जुन्या अक्षरपटलावर २५ ओळी आणि ८० रकाने असत. त्यातील एका अक्षराला आरंभीच्या रंगीत पडद्यावर आठ ओळींची, पुढे १४ ओळींची आणि १९८७ च्या व्हीजीए पद्धतीत १६ ओळींची जागा मिळे. बाजारपेठेतील बँक, पतसंस्था किंवा औषधांच्या दुकानावर लाल अक्षरे सरकवणारे जे फलक दिसतात, त्यांच्या ‘पी-१०’ नावाच्या एका जोडावर ३२ आडवे आणि १६ उभे दिवे असतात. म्हणजे १६ हा आकडा आजही सुटलेला नाही.

या १६ ओळींची वाटणी साधारण अशी करावी लागते: वरच्या चिन्हांसाठी चार, शिरोरेखेसाठी एक, अक्षराच्या धडासाठी आठ, खालच्या चिन्हांसाठी तीन. आठ ओळींच्या धडात बोरूची जाडी दाखवायला दोन ठिपक्यांची रेघ घेतली, तर ‘ष’, ‘क्ष’, ‘ळ’ यांच्या पोटातील मोकळी जागा बुजते. म्हणून रेघ एकाच ठिपक्याची ठेवावी लागते, आणि रेघ सर्वत्र सारखी झाली की बोरू संपला. ब्लॅकलेटरला एवढ्याच जागेत जाड आणि बारीक असा भेद परवडतो, कारण त्याचे अक्षर बहुतांशी दोन-तीन उभ्या रेघांचे असते आणि वरचे-खालचे मजले क्वचितच भरलेले असतात.

बोरू जातो ते एक वेळ चालेल. त्याच्या मागोमाग जे जाते ते अधिक महत्त्वाचे आहे. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातील भेद शिरोरेखेतील फटीवर आणि डावीकडच्या लहान गाठीवर अवलंबून आहे. सोळा ओळींच्या जाळीत ही फट एक ठिपका रुंद असते. दिव्याचा प्रकाश शेजारच्या न पेटलेल्या ठिपक्यावर सांडतो, आणि दुरून पाहणाऱ्याला फट दिसत नाही. मग ‘धन’ आणि ‘घन’ एक होतात, ‘भरण’ आणि ‘मरण’ एक होतात. संदर्भाने वाचणारा सावरून घेतो हे खरे. पण नुकते वाचायला शिकलेले मूल संदर्भाने वाचत नाही, अक्षराने वाचते.

उभ्या जोडाक्षरांची गत आणखी बिकट आहे. ‘द्ध’मध्ये दोन अक्षरे एकाखाली एक बसवायची तर प्रत्येकाला चार-पाच ओळी येतात, आणि त्यात गाठ काढता येत नाही. म्हणून ‘द्’ला हलन्त देऊन ‘ध’ शेजारी लिहिण्याची सोय केली जाते. शुद्धलेखनाच्या दृष्टीने ते चूक नाही, पण पाठ्यपुस्तकात ‘द्ध’ शिकलेल्या विद्यार्थ्याला ते दोन वेगळ्या अक्षरांसारखे दिसते. ‘महाराष्ट्र’ या शब्दातील ‘ष्ट्र’मध्ये तीन व्यंजने आहेत. लहान जाळीचा टंक पारखायचा असेल तर राज्याचे नाव लिहून पाहावे, इतकी ही कसोटी पुरेशी आहे.

एका गावाच्या नावाचे उदाहरण

लातूर जिल्ह्यातील ‘शिरूर अनंतपाळ’ हे तालुक्याचे नाव १६ ओळींच्या फलकावर लिहायचे आहे असे समजू. पुणे जिल्ह्यात शिरूर आहे, बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे. त्यामुळे ‘अनंतपाळ’ गाळून चालत नाही. सरासरी एका अक्षराला काना-वेलांटीसह दहा-बारा ठिपके आणि मधली मोकळी जागा धरली तर पूर्ण नावाला ९० ते १०० ठिपके रुंदी लागते. म्हणजे ३२ ठिपक्यांचे तीन जोड जेमतेम पुरतात.

आता अक्षरे पाहू. ‘शि’ची वेलांटी अक्षराच्या डावीकडे उभी राहून वरून वळते, हा कमानीसारखा वक्र चार ओळींत काढायचा. ‘रू’ हे या नावातले सर्वांत नाजूक अक्षर. ‘रु’ आणि ‘रू’ यांत उकार खाली न येता ‘र’च्या उजव्या कुशीत बसतो आणि दोहोंतील फरक शेपटीच्या वळणाएवढाच असतो. जाळीत तो दोन किंवा तीन ठिपक्यांचा होतो. नियमाप्रमाणे अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार व उकार दीर्घ असतो, म्हणून ‘शिरूर’ हेच शुद्ध. ते दोन ठिपके विझले की पाटीवर ‘शिरुर’ होते; आणि पाटीवर जे दिसते तेच लोक अर्जांत, पावत्यांवर, लग्नपत्रिकांत लिहू लागतात. ‘नं’वरचा अनुस्वार एका ठिपक्याचा ठेवला तर तो बिघडलेल्या दिव्यापासून वेगळा ओळखता येत नाही. येथे ब्लॅकलेटरमधील ‘आय’वरच्या ठिपक्याची आठवण व्हावी: ज्या खुणेवर अर्थ अवलंबून आहे ती सर्वांत लहान असून चालत नाही. शेवटचा ‘ळ’ दोन गोलांचा आहे. त्यातील प्रत्येक गोलाला मधोमध एक तरी रिकामा ठिपका हवा, नाहीतर ते अक्षर दोन गोळ्यांचे होते.

अशा फलकांवर अक्षरे वाईट दिसण्याचे आणखी एक कारण आहे. पुष्कळदा ती जाळीवर काढलेलीच नसतात. छपाईसाठी केलेला बाह्यरेषांचा टंक यंत्राकडून १६ ओळींत दाबून बसवला जातो. ज्या ठिपक्याचा निम्म्याहून अधिक भाग अक्षराने व्यापला तो पेटतो, बाकीचे विझतात. बारीक रेघा त्यामुळे मध्येच तुटतात आणि जाड रेघा कोठे एक, कोठे दोन ठिपक्यांच्या होतात. हाताने घरे मोजून काढलेले १६ ओळींचे अक्षर यापेक्षा नेहमीच सरस ठरते.

मराठीची स्वतःची अक्षरे

देवनागरी ही अनेक भाषांची लिपी आहे, आणि लहान जाळीचे टंक बहुधा हिंदीच्या सोयीने तयार होतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे प्रमाण ठरवली. हिंदी वळणाच्या टंकांत ही दोन्ही अक्षरे वेगळ्या रूपात येतात. बाह्यरेषांच्या आधुनिक टंकात भाषा मराठी असल्याचे सांगून रूप आपोआप बदलण्याची सोय करता येते; साध्या ठिपक्यांच्या टंकात एका अक्षराला एकच चित्र असते.

यापेक्षाही महत्त्वाचा आहे तो ‘ऱ्या’मधील अर्धा ‘र’. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द मराठी शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या उदाहरण म्हणून देत आले आहेत: पहिले गुरुजन, दुसरे स्वयंपाकी. रफाराचा आकार वर जातो आणि अर्ध्या चंद्रासारखा ‘र’ डावीकडे बसतो. ज्या टंकात हे दुसरे चित्रच नसते तेथे स्वयंपाक्यांचे आचार्य होतात, किंवा ‘र’खाली हलन्त दिसून शब्द तुटतो. ‘ॲ’ या अक्षरालाही युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वीच्या टंकांत ते ‘अ’वर चंद्र ठेवून जुळवावे लागे, आणि ठिपक्यांत तो चंद्र शिरोरेखेवर नीट बसत नसे.

पुणे आणि मुंबई येथील काम

भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे आरंभीचे मोठे काम कानपूरच्या आयआयटीत झाले आणि ते पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले. ‘जिस्ट’ नावाचे कार्ड संगणकात बसवले की डॉस प्रणालीच्या पडद्यावर देवनागरीसह अनेक भारतीय लिप्या दिसू लागत. या कामातील मूलभूत कल्पना अशी की संगणकाने अक्षराचा आकार साठवू नये, उच्चारक्रम साठवावा. ‘क्ष’ साठवताना क, हलन्त आणि ष एवढेच साठवायचे. त्याचे चित्र कसे काढायचे हे दाखवताना ठरेल. ‘इस्की’ या नावाने ओळखली जाणारी ही संकेतपद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक आयएस १३१९४ म्हणून स्वीकारली गेली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे.

या विभाजनाचे मोल ठिपक्यांच्या संदर्भात नीट कळते. पडदा भरड असला आणि ‘द्ध’ मोडून दिसला, तरी आत साठवलेला शब्द शुद्ध राहतो. चांगला पडदा मिळताच तो नीट दिसतो. याच काळात आकारावर आधारलेले अनेक खासगी टंकही चालू होते. त्यात प्रत्येक कंपनीचे संकेत वेगळे. एका टंकातला मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. त्या काळातील कितीतरी मराठी मजकूर अशा रीतीने अडकून पडला.

मुंबईत सुलेखनकार, कवी आणि अध्यापक र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी बोरूचे वळण व संगणक यांची सांगड घालण्याचे काम केले. पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी अध्यापन केले आणि राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात टंकनिर्मितीवर संशोधन केले. विंडोज २००० पासून परिचित झालेला ‘मंगल’ हा टंक त्यांच्याच नावावर आहे. मंगल देखणा नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तो पडद्यासाठी, लहान मापात मजकूर वाचता यावा यासाठी केलेला टंक होता. निर्णयसागरच्या खिळ्याशी त्याची तुलना करणे अन्यायाचे आहे. सुलेखनात मुरलेल्या माणसाने बोरूची जाडी बाजूला ठेवून सपाट रेघ स्वीकारली, यावरून त्या काळच्या पडद्याची मर्यादा किती कडक होती हे समजते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात १९९८ मध्ये रोमान चिबोरा यांनी सुरू केलेला ‘युनिफॉन्ट’ हा ठिपक्यांचा टंक प्रसिद्ध आहे. त्यात जगातील बहुतेक लिप्यांची अक्षरे १६ ओळींच्या घरांत बसवली आहेत, देवनागरीही त्यांत आहे. अक्षर ओळखता यावे एवढाच त्याचा उद्देश असल्याने जोडाक्षरांची अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

पोथीवळणाचा पिक्सेल टंक करताना

देवनागरीत ब्लॅकलेटरसारखा भारदस्त ठिपक्यांचा टंक करायचा असेल तर जाळी २४ ओळींची किंवा शक्यतो ३२ ओळींची घ्यावी लागते. २४ ओळींत धडासाठी १२ ओळी मिळतात. तेथे जाड रेघ दोन ठिपक्यांची व बारीक रेघ एका ठिपक्याची ठेवून पोट मोकळे राहते. ३२ ओळींत तीनास एक हे प्रमाण साधते आणि बोरूची खरी लय दिसू लागते. गोलाई काढण्याऐवजी ती ४५ अंशांत मोडावी. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांची पोटे शंकरपाळ्यासारखी झाली तरी वाचक त्यांना ओळखतो, आणि जैन पोथ्यांतील कोनदार अक्षरांशी ते जुळते. मोडताना जाडी कोणत्या बाजूला द्यायची हे मात्र लॅटिन टंकावरून उचलू नये. वर सांगितल्याप्रमाणे देवनागरीत ती उलट तिरपीवर येते. अनुस्वार दोन बाय दोन ठिपक्यांचा किंवा तिरपा चौकोन करून ठेवावा. ‘ध’ व ‘भ’ यांच्या शिरोरेखेतील फट दोन ठिपक्यांपेक्षा कमी असू नये.

उंचीच्या अडचणीवर जुन्या पोथ्यांत एक उपाय दडलेला आहे. त्यांत ‘के’ लिहिताना मात्रा वर न देता ‘क’च्या आधी उभ्या रेघेने दाखवीत, ‘को’ लिहिताना आधी ती रेघ आणि नंतर काना. हिला पडिमात्रा किंवा पृष्ठमात्रा म्हणतात. तिच्यामुळे वरच्या मजल्यावरची गर्दी कमी होते आणि उभ्या रेघा वाढतात, म्हणजे ब्लॅकलेटरला जे जाळीत फायद्याचे ठरले तेच येथेही मिळते. आजच्या मराठी वाचकाला मात्र ही रेघ मागच्या अक्षराचा काना वाटेल आणि ‘न के’ हे ‘ना क’ असे वाचले जाईल. त्यामुळे मजकुरासाठी ती वापरता येत नाही. एखाद्या मथळ्यात, पोथीच्या मुखपृष्ठाचा भास द्यायचा असेल तेथे, खाली नेहमीच्या अक्षरांत तोच शब्द पुन्हा देऊन वापरता येते.